नाव घेणे आणि नाव राखणे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



"रोजच्या जीवनात देवाच्या नावाचा मान" असा विषय चिटणीसबाईंनी दिला आहे. वरवर पाहता विषय सोपा आहे. देवाचे नाव आपल्या तोंडी दिवसभर असतेच. दूध उतू गेले की "अरे देवा!", पोर धडपडले की "देवा रे!", भाजीवालीशी घासाघीस करताना "देवाशपथ, परवडत नाही!" आणि एखादी गोष्ट करायची मनात नसली की "देवाची इच्छा असेल तर बघू." म्हणजे नाव घेण्यात आपण मुळीच कमी पडत नाही. मग मान राखण्यात कुठे कमी पडत असू, याचा थोडा विचार करावा म्हणून मी चार शब्द बोलणार आहे.

आपल्या मराठीत नावाशी जोडलेले किती प्रयोग आहेत पाहा. नवी नवरी उखाण्यात नाव घेते. मुलगा शिकून चांगला निघाला की त्याने बापाचे नाव काढले म्हणतात; वाईट मार्गाला लागला की नाव बुडवले म्हणतात. सुनेने सासरचे नाव राखले म्हणून तिचे कौतुक होते. आणि जे काम मन लावून केलेले नसते त्याला आपण "नावाला केले" असे म्हणतो. यांपैकी घेणे हे जिभेचे काम आहे. काढणे, राखणे आणि बुडवणे ही सगळी वागण्याची कामे आहेत. देवाच्या नावालाही हाच हिशेब लागू आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आपल्या महाराष्ट्राला नामाचा महिमा नवा नाही. शेजारच्या माझ्या वारकरी मैत्रिणींना तो माझ्याहून अधिक ठाऊक आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर असे मानीत की, तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो. तेव्हा नामाविषयी बोलताना मी कोणाला परके काही सांगत आहे असे नाही.

प्रभू येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली ती मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. आपल्याला ती झोपेतही येते. म्हणूनच तिच्यातल्या क्रमाकडे आपले लक्ष जात नाही. आपण मागायला बसलो असतो तर पहिली भाकर मागितली असती, मग मुलाची नोकरी, मग मुलीचे स्थळ. प्रभूने मात्र सर्वांत आधी पित्याच्या नावाच्या पावित्र्याची मागणी घातली. मग त्याच्या राज्याची, मग त्याच्या इच्छेची. आणि त्यानंतर रोजच्या भाकरीची. नाव आधी, भाकर मागून. पण या दोन गोष्टी एकमेकींपासून लांब आहेत असे मात्र समजू नका. देवाच्या नावाचा मान राहतो की जातो, हे बहुतेक वेळा भाकरीच्या व्यवहारातच ठरते.

आधी जिभेपुरते बोलू. यहुदी लोकांमध्ये देवाचे नाव चार अक्षरांचे आहे. ते लिहीत, पण आदरापोटी उच्चारत नसत. वाचताना त्या जागी "अदोनाय", म्हणजे प्रभू, असे म्हणत. आजही कित्येक यहुदी बोलताना नुसते "हाशेम" म्हणतात. त्याचा अर्थच "ते नाव". आपल्या मराठी पवित्रशास्त्रात त्या चार अक्षरांच्या जागी आपण "परमेश्वर" असे वाचतो. ही रीत आपल्याला नवलाची वाटायला नको. आपल्या आज्या नवऱ्याचे नाव उभ्या जन्मात घेत नसत. "अहो" आणि "इकडून" यांवर त्यांचा संसार पार पडे. आणि घ्यायचीच वेळ आली तर उखाण्यात गुंफून, लाजून घेत. त्या चालीतले बरेवाईट आज आपण जाणतो. पण ज्याचा मान ठेवायचा त्याचे नाव वाटेल तिथे टाकू नये, ही समज तीत होती.

आता हे नाव वागण्याने कसे राखतात याचे उदाहरण आपल्या कोकणातच आहे. अलिबाग, पेण, नवगाव या बाजूला बेने इस्राएल लोक शेकडो वर्षे राहिले. मराठी बोलत, तेल गाळत, गावात मिसळून राहत. बाकीचे पुष्कळसे धर्मविधी काळाच्या ओघात त्यांच्यातून विसरले गेले. परंतु परमेश्वर एकच आहे ही कबुली सांगणारा "शमा" त्यांनी तोंडपाठ जपला, आणि शनिवारी घाणा बंद ठेवला. गावाने त्यांना नाव दिले "शनिवार तेली". गावाला हिब्रू येत नव्हते, त्यांचे शास्त्र ठाऊक नव्हते. पण हे लोक आपल्या देवासाठी आठवड्यातला एक दिवस कमाई सोडतात, हे गावाने डोळ्यांनी पाहिले. पुढे १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान झाले, आणि १९४८ नंतर त्यांतले बहुतेक लोक इस्राएल देशात गेले. पण आधीची ती सारी शतके त्यांचा बंद घाणाच त्यांच्या देवाची साक्ष देत होता.

दहा आज्ञांत परमेश्वराचे नाव व्यर्थ घेऊ नये अशी आज्ञा आहे, ती आपण लहानपणी पाठ केली. आपण तिचा अर्थ घेतो की उगाच शपथा वाहू नयेत. तो बरोबरच आहे. पण मूळ हिब्रूत जे क्रियापद आहे त्याचा अर्थ उचलणे, वाहणे असाही होतो. डोक्यावर घागर वाहावी तसे नाव वाहणे. बाप्तिस्म्याच्या दिवशी आपण ख्रिस्ताचे नाव असे उचलले आहे. ते डोक्यावर असताना आपण कशा चालतो, याकडे सगळा गाव पाहत असतो.

ज्या भगिनींना वाटते की वाहणे वगैरे पंडितांच्या गोष्टी आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचावा. आपण ते पुस्तक रुक्ष म्हणून ओलांडून जातो. पण हा अध्याय तर बायकांच्या रोजच्या संसाराचा आहे. शेताच्या कडेचे पीक कापू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या. चोरी करू नका, खोटे बोलू नका. माझ्या नावाने खोटी शपथ वाहून ते नाव बाटवू नका. आणि या शपथेच्या वचनाला लागूनच पुढचे वचन काय आहे? मोलकऱ्याची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका. त्यापुढे, बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका, चहाड्या करत हिंडू नका, पिकल्या केसांपुढे उठून उभे राहा, वजने आणि मापे खरी ठेवा. आणि प्रत्येक दोनचार आज्ञांनंतर, मी परमेश्वर आहे, असे देव पुन्हा पुन्हा सांगतो. जणू प्रत्येक व्यवहाराखाली तो आपली सही करतो. ज्या कागदावर त्याची सही आहे त्या कागदात खोट आली, तर नाव कोणाचे जाईल?

इथे मला माझ्या आजीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझी आजी अहमदनगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, बायबलबाई होती. नव्या मुलींना बायबलबाई ठाऊक नसेल. मिशनने थोडेफार शिकवून तयार केलेली ही बाई पायी खेडोपाडी जाई, ओसरीवर बसून बायकांना शुभवर्तमानातल्या गोष्टी सांगे, कोणाला अक्षरे शिकवी, बाळंतिणीची विचारपूस करी. स्वातंत्र्याच्या आधीचा काळ. एका गावी आजी अशीच गोष्ट सांगत बसली असता घरधनीण मध्येच म्हणाली, "बाई, तुमच्या देवाचं नाव लई गोड हाय. पर तुमच्यातल्याच एका मानसानं मागल्या साली माझ्याकडनं दोन पायल्या जोंधळं नेलं. नेताना शिगोशीग नेलं. देताना एक पायली दिली, तीबी सपाट."

आजीने वाद घातला नाही. तो माणूस कोण, तो आमच्या मंडळीचा की दुसरीकडचा, हेही विचारले नाही. पुढच्या आठवड्यात तिने घरच्या कणगीतले जोंधळे पाटीत भरले, डोक्यावर घेतले आणि दोन कोस चालून त्या बाईच्या दारात उतरवले. म्हणाली, "मापून घ्या. पायली भरून शीग लावा, आणि मागची राहिलेली शीगही घ्या." ती बाई चकित झाली. "नेलं दुसऱ्यानं, तुमी का वं भरता?" आजीने उत्तर दिले, "नाव तर एकच लावतो ना आम्ही."

आता या गोष्टीचा शेवट ती बाई ख्रिस्ती झाली असा नाही. ती झाली नाही. पण त्या दिवसापासून तिने आपल्या मुलीला आजीपाशी पाटी-पेन्सिल देऊन बसवले, आणि आजी गावात आली की पहिला पाण्याचा तांब्या त्या घरून येई. आजीला तेवढे पुरेसे वाटले. एका पायली जोंधळ्यावर देवाचे नाव गावात परत उभे राहिले, असे ती म्हणत असे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर आपण सर्व जाणतोच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन अशा अनाथ, उपाशी जिवांनी भरून गेले. त्यांना तिथे विणकाम, शेती, छपाई अशी कामे शिकवली गेली. पुढे रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्यासुध्या बायकांना समजेल अशा मराठीत सगळ्या पवित्रशास्त्राचे भाषांतर करण्यात त्यांनी अखेरपर्यंत देह झिजवला, आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले. १९२२ मध्ये त्या वारल्या. पण क्रम पाहा. त्या मुलींच्या हाती छापलेले पुस्तक पडले ते पुष्कळ मागून. त्याआधी त्यांच्या हाती भाकरी पडली, अंगावर धडके लुगडे आले, निजायला सुरक्षित जागा मिळाली. देव म्हणून कोणी आहे आणि त्याचे नाव चांगले आहे, हे त्या आधी अशा रीतीने शिकल्या.

आपल्यापैकी फार थोड्यांना ३०० मुली सांभाळायच्या आहेत. आपल्याला एक कामवाली बाई सांभाळायची आहे. नाताळचा महिना आला की आपल्या घरी काय धांदल असते! करंज्या, चकल्या, केक, नवे पडदे, मुलांचे कपडे. आणि एक तारखेला भांडी घासणाऱ्या बाईला आपण सांगतो, "या महिन्यात फार खर्च झाला गं, पुढच्या महिन्यात एकदम देते." तिच्या घरी पुढच्या महिन्यापर्यंत वाणी थांबतो का? पोरीच्या क्लासची फी थांबते का? दोन दिवस तापाने आली नाही तर आपण खाडे मोजून पैसे कापतो, आणि त्याच संध्याकाळी स्तोत्रे गात घरोघर फिरतो. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हटले आहे की, अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड प्रभूच्या कानी जाते. भगिनींनो, आपले गाणे आणि ती ओरड एकाच वेळी त्याच्या कानी जात असतील, तर तो आधी कोणाकडे लक्ष देईल?

दुसरी गोष्ट शब्दाची. प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले की शपथ वाहूच नका, तुमचे होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या. इंग्लंडात सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी हे अक्षरशः पाळले. न्यायालयात शपथ घ्यायला ते नकार देत. त्यासाठी कित्येक तुरुंगात गेले. पुढे १६९६ मध्ये तिथल्या कायद्याने त्यांना शपथेऐवजी प्रतिज्ञेवर बोलण्याची मोकळीक दिली. आपल्या देशातही १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे साक्षीदाराला देवाच्या नावाने शपथ घेता येते किंवा नुसती प्रतिज्ञा करता येते. पण मला त्या क्वेकरांची आठवण होते ती त्यांच्या दुकानांमुळे. घासाघीस करायची म्हणजे आधी खोटा भाव सांगायचा, म्हणून ते एकच भाव सांगत. आरंभी गिऱ्हाईक बिचकले. मग लोकांच्या ध्यानात आले की या दुकानात लहान मुलाला पाठवले तरी फसवणूक होत नाही, आणि गिऱ्हाईक वाढले. ज्याच्या शब्दावर मूल पाठवता येते, त्याला देवाशपथ म्हणावे लागत नाही. आपल्या भिशीत, बचत गटात, "येत्या रविवारी पैसे देते, देवाशपथ" असे म्हणणाऱ्या बाईने शपथ सोडावी आणि रविवार पाळावा.

हल्ली आणखी एक प्रकार निघाला आहे. मोबाईलवर संदेश येतो : प्रभूच्या नावाने हा अकरा जणांना पाठवा, सायंकाळपर्यंत शुभवार्ता मिळेल; न पाठवाल तर संकट येईल. आणि आपल्या चांगल्या शिकल्यासवरल्या भगिनी तो पुढे ढकलतात! हा तर गंडादोरा झाला. ज्या पित्याला आपण मायेने हाक मारायची, त्याच्या नावाने आपण शेजारणीला भीती घालतो. असा संदेश आपल्यापाशी आला की तो आपल्यापाशीच संपवावा.

आता शेवटची गोष्ट, आणि ती बोलायला जड आहे. नाव राखणे या शब्दाचा आपण कधी कधी फार उलटा अर्थ करतो. एका भगिनीची हकिकत मी नाव-गाव न सांगता, तिच्या संमतीने सांगते. तिचा नवरा रविवारी उपासनेत शास्त्रपाठ वाचणारा, चारचौघांत मान असलेला. घरी दार लावून मारणारा. तिने धीर करून वडीलधाऱ्यांना सांगितले. तिला उत्तर मिळाले, "बाई, सहन कर. बाहेर बोलू नकोस. देवाच्या नावाला बट्टा लागेल." ती कित्येक वर्षे गप्प राहिली. एका रात्री तिचा हात मोडला तेव्हा शेजारच्या हिंदू बाईने तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेले आणि रात्रभर तिच्या उशाशी बसली. मला विचारायचे आहे, त्या रात्री देवाच्या नावाचा मान कोणी राखला? शास्त्रपाठ वाचणाऱ्याने? गप्प बस म्हणणाऱ्यांनी? की शेजारणीने?

दावीद राजाने जेव्हा उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला मारवले, तेव्हा नाथान संदेष्टा राजाच्या तोंडावर जाऊन बोलला. तुझ्या या कृत्याने परमेश्वराच्या वैऱ्यांना त्याची निंदा करायला निमित्त मिळाले, असे त्याने सांगितले. म्हणजे नावाला बट्टा लागला तो पापाने, ते उघड करण्याने नव्हे. आणि शास्त्राने ती गोष्ट लपवली नाही. राजा केवढा मोठा, स्तोत्रे रचणारा. तरी २ शमुवेलच्या अकराव्या आणि बाराव्या अध्यायांत सगळे लिहून ठेवले आहे. ज्या देवाने आपल्या लाडक्या राजाचे पाप झाकले नाही, त्याला आपल्या झाकपाकीची गरज आहे असे मानणे हाच त्याचा अपमान आहे. कौटुंबिक हिंसेपासून स्त्रियांच्या संरक्षणासाठी २००५ चा कायदा आहे, जिल्ह्यात त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. त्यांच्याकडे जाणारी बहीण देवाचे नाव बुडवत नाही. तिच्याबरोबर जाणारी बाई ते राखते.

तर भगिनींनो, वर्धापनदिन आहे म्हणून तीन साध्या गोष्टी मंडळापुढे ठेवते. पहिली, आपल्यापैकी प्रत्येकीने घरच्या कामवाल्या बाईचा पगार ठरल्या तारखेला, नाताळातसुद्धा, तिच्या हातात ठेवावा. दुसरी, मंडळाचा जमाखर्च दर तीन महिन्यांनी सभेत मोठ्याने वाचला जावा. चिटणीसबाईंवर अविश्वास म्हणून नव्हे, हिशेबावर देवाची सही असते म्हणून. तिसरी, कोणतीही बहीण दुःख घेऊन या मंडळाच्या दाराशी आली तर तिला "नाव जाईल" असे सांगून परत पाठवू नये. तिच्याबरोबर दोघींनी जावे.

या तीन गोष्टींना पैसा फारसा लागत नाही, विद्वत्ताही लागत नाही. आपल्या शेजारणी आज इथे बसल्या आहेत. आम्ही कोणाचे नाव लावतो हे त्यांना आमच्या घरावरच्या क्रुसावरून कळते. ते नाव कसे आहे, हे त्यांना आमच्या मापावरून, आमच्या शब्दावरून आणि आमच्या दारावरून कळू दे, एवढेच त्या पित्यापाशी मागते.